टिळकांचं ‘इयर डाउन’

लेक्चर बंक करून म्हणा किंवा रीतसर संपवून म्हणा, संध्याकाळी थिबा पॉइंटला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. खाली भाट्याची खाडी. काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा. भरतीच्या वेळी खाडी काठोकाठ भरते आणि वारा पडलेला असला तर पाणी एखाद्या मोठ्या तळ्यासारखं गप्प दिसतं. त्यात एखादी होडी संथपणे निघालेली असते. हल्ली कोकणातल्या खाड्यांमध्ये रंगीत प्लास्टिकच्या कयाकही दिसायला लागल्यात. लाइफ जॅकेट चढवलेली तुमच्याच वयाची मुलंमुली त्यात बसून पाणी उडवत असतात.

आता एक प्रयोग मनातल्या मनात करून बघा. आज रात्री जेवताना घरी सांगा, की यंदा वर्षभर मी फक्त पोहणार, होडी वल्हवणार आणि आखाड्यात जाणार. अभ्यासाचं पुढच्या वर्षी बघू. पुढं घरात काय होईल ते मी लिहायला नको.

रत्नागिरीत जन्मलेल्या एका मुलानं हे खरोखर केलं होतं. १८७३ साली, कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला. त्या वर्षी तो नापासही झाला. त्याचं जन्मघर तुम्हाला चांगलं माहीत आहे. शाळेच्या सहलीत टिळक आळीत रांगेत उभं राहून, बाई ओरडेपर्यंत दंगा करत तुम्ही ते पाहिलेलं आहे.

शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपल्या सगळ्यांना प्राथमिक शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे ती इथं नाही. मंडालेचा तुरुंग, केसरी, गणेशोत्सव हेही तुम्हाला तोंडपाठ असेल. पण हे सगळं करणारा माणूस अठराव्या वर्षाच्या आसपास कसा दिसत होता, असं कुणी विचारलं तर आपल्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. थेट पगडी आणि मिशाच येतात. म्हणून ही गोष्ट पगडीच्या आधीच्या टिळकांपासून.

किरकोळ अंगाचा मुलगा

२३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्म. पाळण्यातलं नाव केशव, पण घरात सगळे बाळ म्हणायचे आणि तेच चिकटलं. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शाळामास्तर होते. गणित आणि संस्कृत हे त्यांचे हातखंडा विषय. व्याकरणाची, त्रिकोणमितीची पुस्तकं त्यांनी लिहिली होती. मुलानं एक श्लोक पाठ केला की त्याला एक पै मिळायची, असं सांगतात. पॉकेटमनीची ही स्कीम आजच्या पालकांनी उचलायला हरकत नाही.

तीन बहिणींनंतर झालेला हा मुलगा. डोकं तल्लख, पण प्रकृती बेताची. १८६६ मध्ये गंगाधरपंतांची बढतीवर पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांच्या बाळनं रत्नागिरी सोडली. पुण्यात जरा कुठं घडी बसत होती, तेवढ्यात आई पार्वतीबाई गेली. १८७१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याचं लग्न झालं. मुलगी दापोलीजवळच्या लाडघरची, माहेरचं नाव तापी. सासरी ती सत्यभामा झाली. लग्नाला वर्ष-दीड वर्ष होतंय तोच, ऑगस्ट १८७२ मध्ये, वडीलही गेले. त्याच वर्षाच्या शेवटी बाळ मॅट्रिक झाला.

म्हणजे बघा, सोळा वर्षांचा मुलगा. आई नाही, बाप नाही, लग्न झालेलं. पाठीशी काका गोविंदराव आणि वडिलांनी राखून ठेवलेली थोडी शिल्लक. आजच्या भाषेत ‘करिअरचा विचार कर’ असं सगळ्यांनी बजावायची ही वेळ. मुलगा हुशार आहे, स्कॉलर आहे, पटापट परीक्षा देईल आणि सरकारी नोकरीला लागेल, हा सरळ रस्ता समोर होता. १८७३ मध्ये त्यानं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नाव घातलं आणि तिथंच राहायला गेला.

बंधाऱ्यामागचं पाणी

डेक्कन कॉलेज तेव्हा गावाबाहेर होतं. १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत आलं. चारी बाजूंनी मोकळं माळरान आणि जवळच मुळा-मुठा. पुण्यातून वाहत आलेल्या दोन नद्या एक होऊन इथून पुढं जातात. आता नदी म्हटलं की आपल्याला पावसाळ्यात फुगणारी आणि मार्चनंतर खडक उघडे टाकणारी नदी आठवते. इथं तसं नव्हतं, कारण त्याच भागात नदीवर बंधारा घातलेला होता. आजही पुणेकर त्या भागाला बंडगार्डन म्हणतात, ते त्या ‘बंड’वरून. मुंबईचे दानशूर व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या मोठ्या देणगीतून तो उभा राहिला. डेक्कन कॉलेजच्या इमारतीलाही याच जमशेटजींचा पैसा लागला आहे. एकाच दात्याच्या पैशातून कॉलेजही झालं आणि कॉलेजजवळचं पाणीही अडलं.

बंधाऱ्यामुळे मागं लांबवर पाणी साचून राहायचं. ओढ फारशी नाही, खोली बरीच. नावाला नदी, पण वागणूक तळ्याची. वल्हवायला शिकणाऱ्याला असंच पाणी लागतं. तुम्ही खाडीकाठची मुलं आहात, तुम्हाला हे सांगायला नको. आपल्याकडे ओहोटी लागली की पाणी तोंडाकडे खेचतं, वाऱ्याचा जोर वाढला की होडी भलतीकडेच जाते. खाडीतल्या माणसाला वल्ह्याच्या आधी भरतीचं घड्याळ शिकावं लागतं. अडवलेल्या पाण्यावर ती भानगड नाही. तिथं सगळा हिशेब तुमच्या अंगातल्या ताकदीशी.

आणि तीच त्या मुलाकडे नव्हती. बरोबरीचे मित्र त्याच्या अंगकाठीवरून थट्टा करत. बुद्धीबद्दल कुणी काही म्हणायची सोय नव्हती, म्हणून शरीरावर घसरत असावेत. त्यानं ते मनावर घेतलं. पण दोन दिवस जोर काढले, चार दिवस अंग दुखलं आणि सोडून दिलं (आपलं जानेवारीतलं जिम आठवा), अशा पद्धतीनं नाही. त्यानं सरळ ठरवलं की हे पहिलं वर्ष शरीराचं. अभ्यास दुय्यम.

दिवसाचा मोठा भाग मग यातच जायला लागला. आखाडा, जोर-बैठका, कुस्ती. त्यानंतर नदी. पोहणं आणि होडी वल्हवणं. दूध, चांगलंचुंगलं जेवण आणि जेवलेलं जिरवायला पुन्हा पाणी. पोहण्यात तर तो इतका तयार झाला की पाण्यावर बराच वेळ नुसतं उताणं पडून राहणं त्याला सहज जमायला लागलं. ज्यांना पोहता येतं त्यांना माहीत असेल, हात-पाय मारून पुढं जाण्यापेक्षा हे अवघड असतं. श्वास आवरावा लागतो, घाई सोडावी लागते.

वल्हवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त कयाक पाहिलेली असेल. कयाकमध्ये तुम्ही पुढं तोंड करून बसता, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं आणि आळीपाळीनं डावीकडे-उजवीकडे पाणी कापता. जोर खांद्यांचा वाटतो, पण खरं काम कमरेतून वळण्याचं. रोइंगच्या होडीचं सगळं उलट. तुम्ही पाठ पुढं करून बसता. जिकडे जायचं ते तुम्हाला दिसतच नाही, मागं सोडलेला काठ तेवढा दिसतो. वल्हं होडीच्या कडेला खुंटीत अडकवलेलं, म्हणजे चक्क तरफ. पाय समोरच्या पट्टीला रोवायचे, पुढं वाकून पातं पाण्यात बुडवायचं आणि सगळं अंग मागं टाकत ओढायचं. पाय, कंबर, पाठ आणि अगदी शेवटी दंड. सरकत्या बैठकीच्या शर्यतीच्या होड्या नंतर रूढ झाल्या. साध्या होडीत बसायची फळी जागची हलत नाही, त्यामुळे पाठ आणि कंबर यांचा पुरता कस लागतो. दहा मिनिटांत तळहाताला फोड येतात. महिनाभरात त्यांचे घट्टे होतात. किरकोळ अंगाच्या, पुस्तकातून मान वर न काढणाऱ्या मुलासाठी यापेक्षा कडक आणि यापेक्षा मजेचा व्यायाम शोधून सापडला नसता.

इंग्लंडमध्ये त्या काळी कॉलेज म्हटलं की रोइंग आलंच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची थेम्सवरची शर्यत १८२९ पासूनची. साहेबाबरोबर हा नाद आपल्या नद्यांवरही आला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ चा, त्यांचा रेगाटा आजही होतो. आणि त्याच मुळा नदीच्या काठी, दापोडीला, लष्कराच्या रोइंग केंद्रात घडलेला चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकटा होडी वल्हवत उतरला. त्याआधी तो वडिलांबरोबर विहिरी खणायचा आणि सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

डेव्हिल

वर्ष संपलं. परीक्षा झाली. व्हायचं तेच झालं, बाळ गंगाधर टिळक नापास.

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणीतरी हा लेख घरी दाखवून एटीकेटीचं समर्थन करायचं. त्याचं नापास होणं आणि आपलं रात्रभर रील बघून नापास होणं यात फरक आहे. त्यानं आधी ठरवलं होतं की या वर्षाच्या बदल्यात काय घ्यायचं, आणि ते घेतलं. वर्षाच्या शेवटी तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. छाती भरली, दंड भरले, खाल्लेलं पचायला लागलं. दुसरी गोष्ट, वडिलांची शिल्लक आणि काकांचा आधार नसता, तर एक वर्ष सोडून देणं परवडलं असतं का, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या फीचे पैसे कर्जाचे आहेत त्यानं टिळकांचा दाखला द्यायच्या आधी दोनदा विचार करावा.

आणि तिसरी गोष्ट, जी चरित्रांमध्ये सहसा येत नाही. त्या वर्षी लाडघरची ती मुलगी काय करत होती? तिचं माहेर समुद्रकाठचं. नवरा येरवड्याला होड्या वल्हवत असताना तिच्या वाट्याला घर होतं, दुसरं काही नव्हतं. तेव्हाची रीतच तशी, हे खरं. पण पुढं मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा टिळकांनी पुण्याच्या मुलींच्या हायस्कूलच्या अभ्यासक्रमाला विरोध केला, हेही खरं. आज कयाकमध्ये बसणाऱ्या मुलींनी ते लक्षात ठेवायला हरकत नाही. मोठ्या माणसाचं सगळंच मोठं असतं असं नाही.

तर कॉलेज. पुन्हा पहिल्या वर्षाला बसलेल्या या पैलवानाचा हॉस्टेलमध्ये आता वचक होता. त्याला दोन टोपणनावं पडली, ‘ब्लंट’ आणि ‘डेव्हिल’. पहिलं तोंडावर फटकळपणे बोलण्यामुळे. दुसऱ्यामागं जरा मजा आहे. हॉस्टेलमध्ये काही नाजूक मंडळी होती. कुणी टॉनिकच्या बाटल्या ओळीनं लावून ठेवायचा, कुणी अंथरुणावर फुलं पसरून झोपायचा. टिळक अशांच्या खोलीत शिरून बाटल्या फेकून द्यायचे, फुलं उधळायचे आणि औषधाऐवजी आखाड्यात चल म्हणून मागं लागायचे. दार लावलं तर खिडकीतून आत. आज कुणी असं केलं तर अँटी-रॅगिंग कमिटीपुढं उभं राहावं लागेल, आणि ते बरोबरच आहे. पण नव्यानं व्यायामाला लागलेला माणूस जगाला व्यायामाला लावायला निघतो, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे, हे कळून बरं वाटतं.

अभ्यासाकडे त्यांनी वळायचं ठरवलं तेव्हा तेही तसंच, पूर्ण. गणित शिकवायला केरो लक्ष्मण छत्रे होते. असा शिक्षक मिळाल्यावर गणिताची गोडी कशी सुटणार. नेमलेली पुस्तकं सोडून टिळक त्याच विषयातली भलतीच पुस्तकं वाचत बसायचे, परीक्षेला काय येईल याची फिकीर न करता. एक वर्ष मागं पडूनही बी.ए. पहिल्या वर्गात झाले. एम.ए.ला मात्र पुन्हा अपयश. मग कायदा. १८७९ मध्ये एलएल.बी. याच शेवटच्या वर्षांत गोपाळ गणेश आगरकरांशी गाठ पडली आणि रात्र-रात्र वाद चालायला लागले. देशाला शिक्षण कसं द्यायचं, सरकारी नोकरी करायची की नाही, वगैरे. डेक्कन कॉलेजात टिळकांची खोली आजही त्यांच्या स्मरणार्थ जपून ठेवलेली आहे.

तुरुंग पहिला, दुसरा

पुढची वर्षं तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भरभर. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल. १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मग मतभेद, राजीनामा, राजकारण. सार्वजनिक गणेशोत्सव, शिवजयंती.

आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहेत ते तुरुंग. कारण तुरुंगात तुमची पदवी, तुमचं वर्तमानपत्र, तुमचे अनुयायी, सगळं दाराबाहेर राहतं. शरीर तेवढं आत येतं.

पहिला १८८२ मधला. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल लिहिलं, त्यातून कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी बदनामीचा खटला भरला. टिळक आणि आगरकर दोघं मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात, १०१ दिवस. दोघांचीही वजनं उतरली. आगरकरांना दम्याचा त्रास होता. हा बुद्धीनं तितकाच, किंबहुना काही बाबतींत टिळकांपेक्षा पुढं पाहणारा माणूस १८९५ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी गेला. तोवर दोघांची मैत्री पार विस्कटलेली होती. पण विचार करा, आगरकरांना आणखी पंचवीस वर्षं मिळाली असती तर महाराष्ट्राचं चित्र कसं असतं. दम्यावर व्यायाम हे उत्तर होतं असं मी म्हणत नाही. नशिबाचाही भाग असतो.

दुसरा तुरुंग १८९७ चा. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. ज्यांना शक्य होतं ती मंडळी गाव सोडून गेली. टिळक शहरात राहिले, प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ चालवलं, स्वतः फिरत राहिले. रँडचा खून झाला, केसरीतल्या लिखाणावर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. काही दिवस त्यांना मुंबईच्या भायखळ्याला ठेवलं, मग पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात आणलं. येरवडा! ज्या भागात चोवीस वर्षांपूर्वी हा माणूस सकाळ-संध्याकाळ पाण्यात डुंबत होता, तिथंच तो आता कोठडीत. वजन झपाट्यानं घटलं. संशोधक म्हणून त्यांना मानणाऱ्या मॅक्समुल्लरसारख्यांनी इंग्लंडमध्ये अर्ज केला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीआधी, सुटका झाली.

सुटून आलेल्या माणसानं शरीर पुन्हा उभं केलं. दर उन्हाळ्यात ते सिंहगडावर जाऊन राहायचे. तिथं त्यांचा बंगला होता, तो अजून आहे. पिठलं-भाकरी आणि ताक संपवून गडावर भटकताना तुम्ही तो पाहिला असेल. वेदांवरच्या त्यांच्या लेखनाचा काही भाग त्या हवेत झाला. एवढं सगळं असलं तरी माणूस आरोग्याचा पुतळा नव्हता बरं का. सुपारी त्यांना सतत लागायची. अडकित्ता हाताशीच. कोकणातल्या माणसाला याबद्दल कोण काय बोलणार!

मंडालेचा खंदक

२२ जुलै १९०८. दुसऱ्या दिवशी टिळक ५२ वर्षांचे होणार होते. रात्री उशिरा मुंबईच्या कोर्टात शिक्षा सुनावली गेली, सहा वर्षं काळ्या पाण्याची. पुढं तिचं साध्या कैदेत रूपांतर झालं आणि सप्टेंबरमध्ये त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेलं. मधुमेह तोवर जडलेला होता.

आता परत थिबा पॉइंटवर या. या जागेला ज्याचं नाव आहे तो थिबा मंडालेचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत. इंग्रजांना नकाशा चांगला वाचता यायचा. इथं खाडीकडे बघत बसलेला राजवाडा तुम्ही पाहता तो १९१० चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात थिबा आपल्या कुटुंबासह तिथं राहायला गेला. त्याच महिन्यात तिकडे, त्याच्या जुन्या राजधानीत, टिळक पेन्सिल घेऊन गीतारहस्य लिहायला बसले.

मंडालेचा तुरुंग जुन्या राजवाड्याच्या कोटातच होता. कोटाला चारी बाजूंनी पाण्यानं भरलेला खंदक आहे, एखाद्या नदीएवढा रुंद. सरळ, शांत, अडवलेलं पाणी. ज्याला पाण्यावर उताणं पडून राहायची सवय, असा माणूस त्या पाण्याच्या वेढ्यात सहा वर्षं बंद.

इमारत लाकडी, पट्ट्यापट्ट्यांची. उन्हाळ्यात धग आणि धूळ आत, थंडीत गार वारा आत, पावसाळ्यात ओल आत. मधुमेहामुळे गहू-तांदूळ कमी करून सातूसारख्या खाण्यावर राहावं लागलं. सोबतीला एक स्वयंपाकी कैदी. पत्रं महिन्या-महिन्यानं, तीही तपासून. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात गेल्या. लाडघरच्या तापीची आणि त्यांची गाठ १९०८ नंतर पडलीच नाही.

या सगळ्यात माणसानं दिवस आखून घेतला होता. पहाटे उठणं, स्नान, पूजा, वाचन, लेखन. शेकडो पुस्तकं मागवली. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा नव्यानं अभ्यास मांडला, तोही पन्नाशी उलटल्यावर. १९१०-११ च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, गीतारहस्याचा खर्डा हातावेगळा झाला. फळाची आशा न ठेवता काम करत राहणं हा त्या ग्रंथाचा गाभा. वही तुरुंगाधिकाऱ्यांनी मोजून दिलेल्या पानांची, शाई नाही, आणि लिहिलेलं बाहेर जाईल की नाही याची खात्री नाही. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारकडेच राहिल्या होत्या, त्या नंतर परत मिळाल्या. १९१५ मध्ये पुस्तक छापून आलं.

मंडालेत टिकून राहण्याचं श्रेय १८७३ च्या त्या वर्षाला किती द्यायचं? टिळकांच्या चरित्रकारांनी ते भरपूर दिलं आहे. मला वाटतं, स्नायूंपेक्षा दुसरंच काहीतरी उरलं असावं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कमावलेले दंड मधुमेहापुढं कितीसे टिकणार. पण एक वर्ष सगळं जग परीक्षेकडे पळत असताना आपण मात्र रोज उठून त्याच पाण्यात तेच वल्हं ओढायचं, प्रगती दिसत नाही, पाठ पुढं आणि तोंड मागं, ही सवय त्याच पाण्यात लागली होती. सहा वर्षांचा एकेक दिवस ढकलायला तीच उपयोगी पडली असेल.

सुटून आले तेव्हा ५७ वर्षांचे होते. मधुमेही, विधुर. लोकांना वाटलं, आता हा माणूस सिंहगडावर बसून वेदांवर लिहील. त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली आणि गावोगाव सभा घेत फिरायला लागले. साठी झाली तेव्हा लोकांनी लाखाची थैली दिली, ती सार्वजनिक कामाला देऊन मोकळे. १९१८ मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले, वर्षभर राहिले, खटला हरले, काम करून परत आले. जुलै १९२० मध्ये मुंबईत असताना मोटारीतून फिरून आले आणि थंडी बाधली. त्याचा न्यूमोनिया झाला. १ ऑगस्टला सरदारगृहात गेले. वय ६४.

डेक्कन कॉलेजातली खोली बघायची असेल तर पुण्याला गेल्यावर येरवड्याला जरूर जा. बंधाऱ्याकडेही चक्कर मारा. पाणी अजून तुंबलेलं आहे, पण बऱ्याचदा त्यावर जलपर्णीचा हिरवा थर असतो आणि वासामुळे काठावर फार वेळ उभं राहवत नाही. आज टिळक तिथं राहायला आले असते तर आखाड्यातून थेट खोलीवर परतले असते.

भाट्याच्या खाडीत मात्र होड्या अजून चालतात. जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघून जा, पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा.